नवरा जहाजावर आहे, रात्री भीती वाटते, प्रार्थना करूनही मन शांत होत नाही. काय करू?

वसईची_लेक

नमस्कार. मी वसईची, कॅथलिक, माहेर सासर दोन्ही इकडेच. नवरा मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन रूमला. लग्न झाल्यापासून वर्षातले सहा-सात महिने तो बाहेर हे अंगवळणी पडलेलं आहे, आमच्या आळीत दोन-तीन घरांमागे कोणीतरी जहाजावर नाहीतर गल्फला असतंच, त्यामुळे त्याचं कधी एवढं वाटलं नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लाल समुद्रात ते गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं तेव्हापासून डोक्यात जे बसलंय ते बसलंय. मग एप्रिल २०२४ ला होर्मुझजवळ एमएससी एरीज धरलं, त्यात १७ आपले भारतीय होते. आणि जुलै २०२५ मध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं तर एकाच आठवड्यात बुडवली, माणसंही गेली. आता हा त्याच बाजूला आहे. आधी म्हणाले आफ्रिकेला वळसा घालून जाणार, आता परत दुसरंच बोलतायत, त्यालाही नक्की काही सांगत नाहीत म्हणे.

दिवसा ठीक असते. पोरीचा डबा, शाळा, सासूबाईंची औषधं, वेळ जातो. रात्री सगळे झोपले की मोबाइलवर ते जहाज ट्रॅक करायचं अ‍ॅप उघडते आणि त्याच्या जहाजाचा तो छोटा बाण बघत बसते. मागच्या आठवड्यात तो बाणच गायब झाला. नंतर कळलं की धोक्याच्या भागात सिग्नल मुद्दाम बंद करतात, पण ते कळेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते, छातीत एवढं धडधडत होतं की वाटलं मलाच काहीतरी होतंय. सासूबाईंना उठवलं नाही. त्यांचा तो एकुलता एक आहे, त्यांना कशाला अजून ताण.

रविवारी मिस्साला जाते, रोज संध्याकाळी घरात रोजरी होते, पण तोंडाने चालू असतं आणि मन त्या अ‍ॅपवर. आमच्या ओळखीतल्या एक बाई, प्रार्थनेला येतात, चांगल्या आहेत, पण परवा म्हणाल्या की तुला भीती वाटते म्हणजे तुझा प्रभूवर पूर्ण भरवसा नाही. ते वाक्य मला फार लागलं. आता भीतीची वेगळी आणि विश्वास कमी पडतोय याची वेगळी अशी दोन ओझी झाली आहेत.

मला एवढंच विचारायचंय की भीती आणि विश्वास एका माणसात एकत्र राहू शकतात का? आणि तुमच्यापैकी कोणी अशा दिवसांतून गेलं असेल तर तुम्ही नक्की काय करत होता, म्हणजे रात्री दोन वाजता काय करत होता? पॉझिटिव्ह विचार कर हे प्लीज सांगू नका, ते सगळे सांगतात.


नगरची_मावशी

सलाम बाळा. मी नगरची, प्रोटेस्टंट, स्टाफ नर्स होते, आता रिटायर. तुझं वाचून लगेच लिहायला बसले.

आधी त्या बाईंच्या वाक्याचं बघू, कारण ते काट्यासारखं रुतलंय तुला. तू बायबल काढ आणि मार्क १४ वाच. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणाच्या टोकापर्यंत खिन्न झाला आहे. लूक तर लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. हा देवाचा पुत्र आहे. त्याचा भरवसा कमी होता असं म्हणायची त्या बाईंची तयारी आहे का? आणि योहान १४ मध्ये जे आपण सगळ्यांनी पाठ केलंय, ‘मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही’, ते तो कधी बोलला? त्याच रात्री. जेवताना शांती देतो म्हणाला आणि काही तासांनी बागेत जाऊन स्वतः थरथर कापला. म्हणजे तो जी शांती म्हणतोय ती भीती निघून गेल्यावर येणारी गोष्ट नसणार. भीती असतानाच ती असू शकते, नाहीतर त्याचं बोलणं खोटं ठरेल.

अजून एक बघ. बागेत तो एकटा गेला नाही. पेत्र, याकोब, योहान तिघांना बरोबर घेतलं आणि म्हणाला इथे थांबा, जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण त्याने मागितलं. आणि तू सासूबाईंना उठवत नाहीस! अगं ती त्याची आई आहे, तिला काय झोप लागत असेल असं वाटतं तुला? पन्नास टक्के घरांत मी हेच बघितलंय, सून सासूपासून लपवते, सासू सुनेपासून लपवते आणि दोघी आपापल्या खोलीत छताकडे बघत पडलेल्या. सांग तिला.

रात्री दोन वाजता मी काय करायचे ते विचारलंस म्हणून सांगते. नाइट ड्यूटीला जनरल वॉर्डात एखादा पेशंट हाताबाहेर चालला की माझ्या पोटात गोळा यायचा, दर वेळी, नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत. मी स्तोत्र १२१ म्हणायचे, मनात नाही, ओठ हलवून, हळू आवाजात. आठच वचनं आहेत. त्यात आहे की तुला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. नाइट ड्यूटीवाल्या माणसाला हे किती जवळचं वाटतं ते सांगून कळणार नाही, कोणीतरी वरती पण जागं आहे एवढं मला पुरायचं. आणि शेवटच्या वचनात तुझं जाणं आणि येणं दोन्ही परमेश्वर सांभाळील असं आहे, ते तर तुझ्या घरासाठीच लिहिल्यासारखं आहे. त्याचं जाणं आणि येणं. तिथे नवऱ्याचं नाव घालून म्हण. मोठ्याने म्हण. मनातल्या मनात म्हटलं की भीतीचे विचार मध्ये घुसतात, आवाज केला की कान तिकडे लागतो. मन नाही लागलं तरी म्हणत राहा, मन मागून येतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघ एकदा. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा पदरात लहान मुलगी. अशी बाई पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणते आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं करते. तिला काय भीती वाटली नसेल, एवढ्या पोरींना उद्या काय खायला घालू म्हणून? ती प्रार्थना करायची आणि विहिरी पण खोदून घ्यायची. मला हे फार आवडतं. शेवटी १९२१ ला मुलगी मनोरमा पण गेली, आणि तरी बायबलच्या भाषांतराचं काम तिने सोडलं नाही, १९२२ ला स्वतः जाईपर्यंत.

तू पण पोरीचा डबा करतेयस ना रोज? मग तुझा विश्वास चालू आहे.


विजयी_जीवन

प्रभूची स्तुती असो. ताई, मावशींचा मान ठेवून वेगळं सांगतो. २ तीमथ्य १:७ मध्ये स्पष्ट आहे की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही. मग ही भीती कुठून आली ते ओळखा आणि येशूच्या नावाने तिला धमकवा. तीन दिवस उपास करा, बातम्या बंद, अ‍ॅप डिलीट. माझी स्वतःची भीती अशीच गेली, नोकरी गेली होती तेव्हा, घराचा हप्ता थकलेला, रात्र रात्र झोप नव्हती, उपास-प्रार्थनेत बसलो आणि तिसऱ्या दिवशी मन एकदम हलकं झालं. डॉक्टर, काउन्सेलर, झोपेच्या गोळ्या या वाटेला जाऊ नका, एकदा गेलात की त्यावरच अवलंबून राहाल, देवावर नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.


समुपदेशक_पुणे

विजयी दादा, तुमचा अनुभव खरा आहे आणि बातम्या बंद करण्याचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण गोळ्या आणि डॉक्टरांबद्दल जे लिहिलंत ते इथे वाचणाऱ्या एखाद्याला महागात पडू शकतं म्हणून लिहिते. मी ख्रिस्ती आहे आणि समुपदेशन हे माझं रोजचं काम आहे.

ज्या तीमथ्याला, म्हणजे आपल्या तरुण सहकाऱ्याला, प्रेषित पौलाने भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही असं लिहिलं ना, त्याच तीमथ्याला पहिल्या पत्रात, ५:२३ मध्ये, तो सांगतो की नुसतं पाणी पिऊ नकोस, तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. म्हणजे तोच पौल, तोच तीमथ्य आणि घरगुती औषध. आणि ते भित्रेपणाचं वाक्य त्याने स्वतः कैदेत असताना लिहिलंय, एका तरुण घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला. ते कोणाच्या अंगावर आरोप म्हणून फेकायचं वाक्य नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं १५२७ चं पत्र आहे, विटेनबर्गला प्लेग आला होता तेव्हाचं. त्यात तो लिहितो की देवाने राखावं म्हणून मी प्रार्थना करीन, मग घराला धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला गरज पडली तर मात्र जाईन. एकाच दमात सगळं. प्रार्थना आणि औषध यांच्यात त्याला भांडण दिसलंच नाही.

आता ताई तुमचं. हातपाय गार पडणं, छातीत धडधड, आपल्यालाच काहीतरी होतंय असं वाटणं, हे ऐकायला पॅनिक अटॅकसारखं वाटतंय, पण एकदा फॅमिली डॉक्टरला दाखवा, हार्ट आणि थायरॉइड बघून घेऊ देत म्हणजे ती शंका मनातून जाईल. परत तसं झालं तर बसा, पाय जमिनीवर टेका, श्वास नाकाने आत घ्या आणि त्याच्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा. सोडायचा वेळ जास्त पाहिजे, एवढं एकच लक्षात ठेवा. मी स्वतः त्याच्यावर वचन बसवते, श्वास घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ आणि सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. चार-पाच मिनिटांत शरीर खाली येतं. शरीर खाली आल्याशिवाय मनाला कितीही उपदेश केला तरी ते ऐकत नाही, ते देवानेच तसं बनवलंय.

एलियाची गोष्ट आठवा, १ राजे १९. ईजबेल मारायला उठली म्हणून तो घाबरून रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं? आधी झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. मग परत झोपू दिलं. परत खायला दिलं, म्हणाला वाट तुला फार लांबची आहे. तो मंद वाणीचा प्रसंग, जो सगळे प्रवचनात सांगतात, तो त्याच्या किती नंतर येतो बघा. झोप आणि जेवण आधी झालं. तुम्ही रात्री नीट जेवता का, हे मला खरंच विचारायचंय.

अ‍ॅपचं: डिलीट करायची हिंमत होत नसेल तर नका करू. सकाळी एकदा, संध्याकाळी रोजरीच्या आधी एकदा बघा आणि रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. आणि हे सगळं करून पण दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर कोणाशी तरी बोलाच. टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.


डेकवरचा_काका

पोरी, मी पण आपल्या बाजूचाच, वसईचा. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून रिटायर झालो, अख्खं आयुष्य डेकवर गेलं. मला टाइप करायला वेळ लागतो पण हे लिहिलंच पाहिजे.

सोमाली चाच्यांचा जोर होता २००८ ते ११, तेव्हा एडनच्या आखातातून आमच्या खूप फेऱ्या झाल्या. रेलिंगला काटेरी तार गुंडाळायचो, फायर होस बाहेरच्या बाजूला बांधून पाणी चालू ठेवायचो, रात्री डेकवरचे दिवे बंद, आणि लुकआउटला जादा माणसं. चार तास काळोखात दुर्बीण लावून बघत राहायचं. मच्छीमाराची होडी दिसली तरी छातीत धस्स व्हायचं. मला भीती वाटायची आणि मी रोजरी पण म्हणायचो, दोन्ही एकाच वेळी. माळ हातात धरता यायची नाही, दुर्बीण असायची ना, म्हणून दुर्बिणीवरच एकेक बोट उचलत दहा मोजायचो, दहा बोटं म्हणजे एक डिकेड, माळेतला दहा मण्यांचा भाग. मावशींनी गेथशेमानेचं लिहिलंय ते आपल्या रोजरीत आहेच की, दुःखाचं पहिलं रहस्य तेच, मंगळवारी आणि शुक्रवारी आपण म्हणतो. लहानपणापासून म्हणत आलो पण त्याचा अर्थ मला त्या लुकआउटला लागला, की हा पण रात्री असाच जागा होता आणि ह्याला पण नको नको वाटत होतं.

आता तुला वादळ शांत केल्याची गोष्ट सगळे सांगतील, ती चांगलीच आहे. पण जहाजवाल्याच्या घरच्यांनी प्रेषितांची कृत्ये २७ वाचावा असं मला वाटतं. ज्याने लिहिलंय तो नक्की जहाजावर होता, काय एकेक बारकावा दिलाय. पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, वादळात सापडले, माल समुद्रात फेकला, दिवसचे दिवस सूर्य नाही तारे नाहीत, आणि सरळ लिहिलंय की वाचायची आशाच सुटली. चौदावी रात्र, मध्यरात्री खलाशांना वाटलं की जमीन जवळ आली, बुडीद टाकून पाणी मोजलं तर वीस वाव, थोडं पुढे जाऊन मोजलं तर पंधरा. म्हणजे खडकावर आपटणार. मग त्यांनी काय केलं, जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडायची वाट बघत प्रार्थना करत बसले. मी नांगराची ड्यूटी केलेला माणूस आहे, मला हे वाचून अंगावर काटा येतो. काळोखात जेवढं करता येतं तेवढं केलं, आणि बाकी उजाडू दे म्हणून देवाला सांगितलं. मग पौल सगळ्यांना म्हणतो काहीतरी खाऊन घ्या, भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. २७६ माणसं होती जहाजावर. जहाज फुटलं पण माणूस एकही गेला नाही, सगळे माल्टाला किनाऱ्याला लागले.

आता कामाच्या गोष्टी. कॅप्टनला धोका वाटला तर एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते दाखवणारा सिग्नल, बंद करता येतं, त्यामुळे बाण गायब झाला म्हणजे जहाज गायब झालं असं नाही, उलट वर कोणीतरी शहाणा माणूस बसलाय असं समज. जहाजावर सिटाडेल असते, हल्ला झाला तर सगळ्यांनी आत जाऊन बंद करून घ्यायची मजबूत जागा, बऱ्याच ठिकाणी ती इंजिन रूमच्याच बाजूला असते, म्हणजे तुझा माणूस तिच्या जवळच असतो. त्याचा करार कुठला आहे ते विचार, युनियनच्या करारातल्या जहाजावर युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात जायला नकार देता येतो आणि मग कंपनीच्या खर्चाने घरी पाठवतात. हे त्याला माहीत असेल पण घरच्यांनी पण माहीत ठेवावं. आणि स्टेला मॅरिस म्हणून आपल्या चर्चचं खलाशांसाठी काम आहे, १९२० ला ग्लासगोला सुरू झालं, आता जगभर मोठमोठ्या बंदरांत त्यांचे चॅपलन असतात, जहाजावर भेटायला येतात, घरी फोन लावायला मदत करतात. त्याला सांग, बंदर लागलं की विचारायचं.

मेसेज करताना रडके मेसेज करू नकोस असं मी म्हणणार नाही. मला बायकोचं खोटं ‘सगळं ठीक’ लगेच कळायचं आणि मग मी तिकडे जास्त काळजी करायचो. भीती वाटतेय म्हणून सांग, पण त्याच्याबरोबर पोरीने आज काय केलं ते पण सांग.


मधला_भाऊ

सगळं वाचलं. थोडं अवघड लिहितोय, कोणाला दुखवायचं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये माझा मोठा भाऊ कोविडने गेला. आमच्या अख्ख्या मंडळीने झूमवर प्रार्थना केली होती, पाळक साहेब रात्री बारा बारा वाजेपर्यंत असायचे. त्याच आठवड्यात आमच्याच मंडळीतले दोघं बरे होऊन घरी आले आणि आमचा नाही आला. त्यानंतर साक्ष सांगायची वेळ आली की मी उठून बाहेर जायचो. म्हणून वसईच्या ताईंना एक सांगावंसं वाटतं, की देव नवऱ्याला सुखरूप आणेलच अशी हमी मनाला देऊन जी शांती येते ती फार दिवस टिकत नाही, कारण रात्री दोनला मन विचारतंच की आणि नाही आणलं तर? त्या प्रश्नाला तोंड दिल्याशिवाय माझ्या मनाला तरी स्वस्थता आली नाही.

मला ज्याने आधार दिला ते स्तोत्र ८८ आहे. ते कधी कोणी संडे स्कूलमध्ये पाठ करून घेत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकांत आहे, आणि इतर रडक्या स्तोत्रांसारखं शेवटी वळून स्तुतीवर पण येत नाही, अंधारातच संपतं. हे बायबलमध्ये ठेवलंय. म्हणजे देवाशी असं बोललेलं चालतं. मी बरेच महिने दुसरं काही वाचूच शकलो नाही, तेवढंच वाचायचो, आणि राग काढायचो तो पण त्याच्याकडेच काढायचो. एक दिवस लक्षात आलं की मी ज्याच्यावर एवढा रागावतोय तो आहे असं मी धरूनच चाललोय, आणि तो ऐकतोय असंही. तिथून हळूहळू काहीतरी बदललं. भाऊ का गेला याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण मी एकटा नाही हे आता मला कोणी पटवून द्यावं लागत नाही.

डीट्रिख बोनहॉफर हे नाव ऐकलं असेल, जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात गेला म्हणून तुरुंगात होता. १९४४ मध्ये तेगेलच्या तुरुंगातून त्याने एक कविता लिहिली, मी कोण आहे असं विचारणारी. त्यात तो म्हणतो की लोक मला सांगतात तू कोठडीतून किती शांतपणे, ताठ मानेने बाहेर येतोस, पण आतून मी बेचैन आहे, थकलोय, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा. मग यातला खरा मी कुठला? आणि शेवटी उत्तर काढत नाही, म्हणतो की मी कोणीही असेन, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फ्लोसेनबुर्गला फाशी दिली. त्याचा भरवसा कमी होता असं आज कोणी म्हणत नाही, पण आतली बेचैनी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.

ताई तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, हो, एकत्र राहतात. योहान २० वाचा, पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसलेले, आणि येशू बंद दारांतून आत येऊन मध्ये उभा राहिला. का घाबरलात म्हणून एक शब्द रागावला नाही. तुम्हांला शांती असो म्हणाला आणि हातावरच्या जखमा दाखवल्या. आठ दिवसांनी परत आला तेव्हा पण दारं बंदच होती!! त्यांची भीती पहिल्या भेटीत गेली नव्हती, आणि तो तरी परत आला.


वसईची_लेक

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोनदा रडले, पण बरं रडले. मधला भाऊ, तुमच्या भावाबद्दल वाचून काय बोलावं कळत नाही. तुम्ही जे ‘आणि नाही आणलं तर’ लिहिलंय तोच तो प्रश्न आहे जो मी स्वतःलाही मोठ्याने विचारत नव्हते.

मावशी, काल रात्री सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या जाग्याच होत्या. बरोबर होतं तुमचं. त्यांनी उशीखालून मोबाइल काढून दाखवला, त्यांनी पण तेच अ‍ॅप शेजारच्या मुलाकडून डाउनलोड करून घेतलंय, मला न सांगता. मग आम्ही दोघींनी मिळून १२१ वाचलं, त्यांचा चष्मा नव्हता म्हणून मी वाचलं आणि त्या मागून म्हणत होत्या. भीती गेली असं नाही, पण नंतर झोपले, सकाळी अलार्मने जाग आली. समुपदेशक ताई, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय, आणि हो, रात्रीचं जेवण नीट होत नव्हतं, तुम्ही कसं ओळखलंत देव जाणे. विजयी दादा, तीन दिवसांचा उपास मला आत्ता झेपणार नाही पण बातम्यांचे ग्रुप म्यूट केलेत.

काका, त्याला मी खरं सांगितलं की मला झोप येत नाही. त्याने लगेच व्हॉइस नोट पाठवली, मला पण येत नाही म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही हे एकमेकांना बोललो. आता एक विचारायचं होतं, आम्ही दोघांनी रोज एकाच वेळी एकच वचन वाचायचं ठरवतोय, पण जहाजावरची वेळ सारखी बदलते आणि नेट पण कधी असतं कधी नसतं. तुम्ही कसं करायचात?


डेकवरचा_काका

वेळ जुळवायच्या नादाला लागू नको, जुळणार नाही आणि मग त्याचाच ताण येईल. तो वॉचला असेल, खाली इंजिनला बोलावलं असेल, तू इकडे घड्याळ बघत बसशील. आम्ही महिन्याची यादी करायचो, घरी एक कागद आणि माझ्याजवळ केबिनमध्ये बंकच्या वर चिकटवलेला एक, तारीख आणि स्तोत्राचा नंबर. त्या दिवसाचं ते, चोवीस तासांत कधीही. नेट लागत नाही, मेसेज लागत नाही. तारीख तर दोघांना माहीत असते. लहान लहान घे, २३, २७, ४६, ९१, १२१, १३०, आणि रविवारी मिस्साचं शुभवर्तमान. कृत्ये २७ एखाद्या रविवारी टाक, इंजिनवाला आहे, त्याला आवडेल.


नगरची_मावशी

सासूबाईंना माझा सलाम सांग. आमच्याकडे रविवारी उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेला लोक नावं देतात, मी या रविवारपासून ‘जहाजावर असलेले आणि त्यांची घरची माणसं’ असं द्यायला लागणार आहे, नाव गाव इथे लिहू नकोस, गरज नाही. साडेनऊची उपासना असते आमची, प्रार्थना साधारण सव्वादहाला येते. तेवढ्यात तू मिस्साहून घरी आली असशील तर दोन मिनिटं थांब आमच्याबरोबर. आणि मधल्या भाऊ, तुझ्या घरच्यांसाठी पण नाव देतेय, चालेल ना?


मधला_भाऊ

चालेल मावशी. आईचं नाव द्या, तिला अजून जड जातं.